म्हसोबाच्या चढाला गार हवा

पंक्चरच्या दुकानात किस्से जमतातच, त्याला इलाज न्हाई. गाडी अडली की माणूस अडतो, आणि अडलेला माणूस एक तर चहा पितो न्हाईतर बोलतो. बहुतेक जण दोन्ही करतात. माझ्या दुकानामागं जुन्या टायरांचा ढीग आहे. त्यातलं एक फेकावं म्हटलं तर फेकवत न्हाई आणि वापरावं म्हटलं तर कामाचं न्हाई. किश्श्यांचं तसंच झालंय. ढीग वाढून राहिला.

मी दत्ता. जवळा बाजारच्या फाट्यावर पंक्चर काढतो, हवा भरतो, म्हणून सगळे मला हवावाला म्हणतात. शेजारी रशीदभाई मिस्त्रीचं गॅरेज. समोर लिंबाखाली एक बाज, आणि त्या बाजेवर हट्टा गावचे माणिकराव. माणिकरावांची शेती आहे, ट्रक आहेत, आणि दर गोष्टीवर सल्ला आहे. चौथा आमचा गोविंदा राठोड, स्वतःचा ट्रक स्वतः चालवणारा. त्याच्या ट्रकचं नाव रानी.

आमी चौघांनी मिळून रानीला गार हवा पाजायचा जो उद्योग केला, त्याचे हे किस्से. वेळ असंल तर बसा. घाई असंल तर टायर दाबून बघा अन निघा!

* * *

आधी रानीचं दुखणं सांगतो.

ट्रक जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. पण गोविंदानं असा सजवला होता की नव्या नवरीनं लाजावं. काचेवर गोंडे, आरशाला रिबिनी, कपाळावर लाल अक्षरात 'रानी'. सपाट रस्त्यावर तर अशी पळायची की माणिकरावांच्या ड्रायव्हरला शिव्या द्यायला बी सवड मिळायची न्हाई.

पण औंढ्याच्या अंगाला जाताना म्हसोबाचा चढ लागतो. त्या चढाच्या मधोमध एक चिंच, चिंचेखाली शेंदूर फासलेला म्हसोबा. रानी भरलेली असली की बराबर त्या चिंचेपाशी तिचा दम संपायचा. घुर्र घुर्र करायची, काळा धूर सोडायची आणि उभी राहायची. तवा आमचा हिंगोली जिल्हा बी झाला नव्हता, आमी परभणीत होतो. पुढं जिल्हा झाला, पाटी बदलली, पण रानी थांबायची जागा काही बदलली न्हाई.

आता दुसरा कोणी असता तर रस्ता बदलला असता. पण चढाच्या डोक्यावर जो तांडा आहे, ती गोविंदाची सासुरवाडी! सासरा धर्मा नाईक, तांड्याचा मुखिया. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून मुलूख हिंडलेले. म्हाताऱ्याचा बैलांवर जीव आणि मोटारीवर काडीचा भरवसा न्हाई.

गोविंदा पहिल्यांदा मेव्हण्याचं लग्न लावून वऱ्हाड तांड्यावर घेऊन ऐटीत निघाला, तर रानी चिंचेपाशी बसली. वऱ्हाड खाली उतरलं. वरून धर्मा नाईक लालकंधारी बैलांची जोडी घेऊन आला. आधी बैलांना चिंचेच्या सावलीत सोडलं, बादलीनं निवांत पाणी पाजलं. वऱ्हाड उन्हात उभं! कोणी तरी म्हणालं, "नाईक, जरा घाई करा की."

"बैल इथं पानी पेतो, मंग चढतो," नाईक म्हणाला. "माज्या बापाच्या येळंपासून हेच हाय."

मग बैलं पुढं जुंपली, माणसं मागून लागली, इंजन बोंबलत राहिलं आणि अशी वरात तांड्यावर पोचली. वर बाया उभ्याच होत्या. त्यांनी जागच्या जागी गाणं जोडलं:

"आला आला जावई, मोटार घेऊन आला,
बैल चाले म्होरं, जावई मागं आला!"

झालं. तवापासून दर सणाला, दर लग्नाला रानी चिंचेपाशी, बैल पाण्यावर आणि बाया गाण्यावर. गोविंदा आमच्यापाशी येऊन कळवळून सांगायचा, "गाडी अडली त्याची तकलीफ न्हाई रे दत्ता. पन मी स्टेरिंग धरून बसतो अन बैल पानी पेऊन राहतेत, तवा माज्याकडं कोनी बघत बी न्हाई! सगळे बैलाकडं बघतेत!"

आमी हसायचो. पण एक दिवस तो आला तो हसला बी न्हाई, चहाला बी न्हाई म्हणाला. धाकट्या मेव्हणीचं, सोनीचं लग्न ठरलं होतं. स्थळ गोविंदानंच आणलेलं, साखरा गावचं. वऱ्हाड रानीतूनच येणार. नवरदेवाकडची माणसं मानी. ती जर चढावर उतरून पायी गेली, तर सोनीला सासरी जन्मभर टोमणे.

"पोरगी काय म्हनली म्हायती हाय?" गोविंदा म्हणाला. "म्हनली, दाजी, कायी आनू नका मला, साडी नको, डागिना नको. फकस्त माज्या लग्नात ते गानं नको."

माणिकरावांनीसुद्धा हातातला चहा खाली ठेवला. म्हणजे बघा!

* * *

रशीदभाईचं तोवर रानीचं सगळं उघडून झालं होतं. पंप बघितला, नोझल बघितले, वाल बघितले. सगळं बराबर. एका दुपारी बॉनेट उघडून बोलता बोलता त्यानं एअर फिल्टरच्या डब्यावर हात टेकला आणि नाचायलाच लागला. हात भाजला!

"देखो देखो! सायलेन्सर का पाईप इधर, सांस लेने का डब्बा उसके बाजू में. चूल्हे में मुंडी डाल के सांस लेती जी तेरी रानी! चढेगी क्या खाक?"

गोविंदाला पटेना. "हवा ती हवा. गरम काय अन गार काय?"

आता हवेचा विषय निघाल्यावर मी गप बसतो का? म्हटलं, "गोविंदा, तू जिनिंगवर कापूस न्हेतो ना? मोकळा कापूस ट्रकभर भरला तरी नुसता फुगवटा. तोच दाबून गठाण केली की तेवढ्याच जागेत किती माल बसतो? गरम हवा म्हंजे मोकळा कापूस. गार हवा म्हंजे गठाण. इंजनाचा घास तेवढाच हाय बाबा, पन घासात माल किती ते बघ! हवा पुरली तर डिझेल जळंल, न्हाई पुरली तर काळा धूर."

"वा दत्ता!" माणिकराव बाजेवरून म्हणाले. "आज पयल्यांदा तुझ्या तोंडातून पंक्चर सोडून कायी निघालं."

तरी गोविंदाची मान आडवीच. मग रशीदभाईनं त्याला गॅरेजातल्या लोखंड तापवायच्या भट्टीपाशी बसवलं, तोंड भट्टीकडं. "ले सांस. लंबी लंबी ले." बिचारा घेत बसला. तोंड लाल, डोळ्यांतून पाणी. मग रशीदभाई म्हणाला, "अब वो टायर उठा और दत्ता के दुकान तक भाग!"

गोविंदा मध्यावर आला आणि टायर टाकून त्याच्यावरच बसला. दम खात खात म्हणाला, "पटलं भाई, पटलं. रानीला म्हनावं, माफ कर!"

* * *

पहिला इलाज माणिकरावांचा. ते म्हणाले, "इतका इचार काहून करून राहिले? हवा गार करायची तर बर्फ ठेवा!"

ऐकायला सोपं वाटलं. रशीदभाईनं हवेच्या डब्याभोवती पत्र्याची पेटी बसवली, फाट्यावरच्या कुल्फीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, भुसा लावून पेटीत ठेवली. वर सोयाबीनची पोती, पोत्यांवर हमाल. ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. रानी निघाली ती खरंच हलकी पळत होती. गोविंदा खुशीत गाणी म्हणून राहिला होता.

वाटेत टायर बघायला म्हणून गाडी थांबवली. गोविंदा खाली वाकला. हमालांनी तेवढ्यात पेटीचं झाकण उघडलं. एकाजवळ लिंबू होतं, एकाजवळ साखरेची पुडी. पुढचं सांगायलाच पाहिजे का?

चिंचेपाशी रानी नेमानं बसली. गोविंदानं पेटी उघडली तर आत नुसता ओला भुसा. वर बघितलं तर हमाल ढेकर देऊन राहिले होते. एक जण वरून म्हणाला, "मालक, गाडी कशी बी चालू द्या, पन आमच्यासाठी सोय लई झ्याक केली तुमी!"

* * *

मग माणिकराव दुसऱ्या सल्ल्यावर आले. त्यांच्या घरी कूलर होता. त्याच्या वाळ्याच्या टट्ट्या काढून त्यांनी स्वतः सायकलवर आणल्या. म्हणाले, "घर गार होतं, तर इंजन काहून न्हाई?"

त्यातली एक हवेच्या तोंडापुढं तारेनं बांधली, वरून पाण्याची नळी सोडली. रानी सुरू झाली आणि सगळ्या फाट्यावर वाळ्याचा घमघमाट! माझ्या दुकानात ट्यूब चिकटवायला आलेला माणूस विचारायला लागला, "कोनाचं लगीन हाय?"

पुढं नाक्यावर पोलिसानं गाडी अडवली. नाक वर करून त्यानं गाडीला पुरी चक्कर मारली. "काय न्हेऊन राहिला?"

"सोयाबीन, साहेब."

"सोयाबीनला असा वास येतो? कायी तरी लपवायला अत्तर मारलंय तू. उतरव पोती!"

गोविंदानं वाळा, इंजन, गार हवा, म्हसोबाचा चढ, सगळं समजावून सांगितलं. पोलिसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता तर समदीच उतरव!"

सगळी पोती उतरली, सगळी परत चढली. त्यात वाळ्याच्या काड्या तुटून फिल्टरमध्ये गेल्या आणि रानीला खोकला लागला तो वेगळाच. रशीदभाईनं काडी काडी वेचून काढली. तवापासून तो तिला रानी म्हणायचं सोडून अत्तरवाली म्हणायला लागला.

* * *

मग रशीदभाई चिडला. "माणिकराव, अब तुम बाज पे बैठो और चाय पियो. हवा गार करायची न्हाई, गार जागेवरून आणायची!"

हे मात्र बराबर होतं. डबा सायलेन्सरच्या भट्टीपाशी आहे तर त्याचं तोंड बाहेर काढा. गोविंदानं शेतातला स्प्रिंकलरचा काळा प्लास्टिक पाईप आणला. एक टोक फिल्टरच्या डब्याला, दुसरं टोक केबिनच्या बाजूनं वर, टपाच्याही वर. रानीला सोंड आल्यासारखी दिसायची. लेकरं मागं पळायची.

आणि गंमत ऐका. गाडी मोकळी सोडली तर झकास. ऍक्सिलेटर दाबला की मरायची! पाय काढला की जिवंत, पाय दिला की मरायला टेकली. रशीदभाई बॉनेट उघडून बघायचा तर सगळं जिथल्या तिथं. त्याच्या नाकी नऊ आले. म्हणायचा, "ये गाडी नहीं, मेरी सास है. काम का नाम लिया के बीमार."

शेवटी मी म्हटलं, बॉनेट उघडंच ठेवून चालवू. मी मडगार्डवर बसलो, एका हातानं आरसा धरला, गोविंदा मान बाहेर काढून चालवत होता. त्यानं जोर दिला आणि बघतो तर काय, आतल्या गरमीनं पाईप मऊ पडलेला! इंजनानं जोरात श्वास घेतला की पाईप दोन्ही अंगांनी चपटा. पाय काढला की परत गोल. म्हणून उभ्या गाडीत कोणाला कधी दिसलाच न्हाई!

मी ओरडलो, "सापडलं, सापडलं!" गोविंदानं खुशीत करकचून ब्रेक मारला. मी मडगार्डवरून थेट ज्वारीत. रशीदभाई पळत आला आणि मला ओलांडून आधी पाईप बघायला गेला.

* * *

मग जवळ्याच्या पत्रेवाल्याकडून जाड पत्र्याचा पाईप वळवून घेतला. तो चपटा होण्याचा सवाल नव्हता. पण वरून तोंड उघडं, पाऊस आत जाईल, म्हणून टोपी पाहिजे. गोविंदानं घरून एक कळशी आणली, तिला बाजूनं भोकं पाडली आणि उलटी करून पाईपावर बसवली. एकदम फिट!

पुढच्या बाजाराच्या दिवशी गोविंदाची बायको शांताबाई भाजी घ्यायला आली. लांबूनच तिनं रानीकडं बघितलं आणि भाजीची पिशवी जागेवर ठेवली. माझ्या दुकानासमोर येऊन उभी राहिली, पदर खोचला.

"ती कळशी माज्या मायनं दिलेली हाय!"

गोविंदा माझ्या कंप्रेसरमागं लपला. खोटं सांगत न्हाई, खरंच लपला.

"मोटारीच्या डोस्क्यावर? माज्या म्हायेरची कळशी? अन तिला भोकं?"

रशीदभाई मधी पडला. "भाभी, सोनी के लिए किया. ये कळशी गाडी को चढाव पे चढाएगी."

शांताबाईनं कळशीकडं बघितलं, मग कंप्रेसरमागच्या दोन पायांकडं बघितलं. म्हणाली, "मंग ऐका. कळशी म्हायेरची हाय, तर ती म्हायेरी बसून गेली पायजे. ढकलत न्हाई. ढकलत गेली, तर ह्यायनी घरी यायचंच न्हाई!"

जाता जाता तिनंच एक काम सांगितलं. पाईपाला हात लावून बघितला तर उन्हानं तापलेला. म्हणाली, "याला पोतं गुंडाळा अन पानी मारत जा. छागलीतलं पानी गार ऱ्हातंय, मंग हवा काहून ऱ्हानार न्हाई?"

ड्रायव्हर लोकांची पाण्याची कापडी छागल रोज आमच्या डोळ्यांपुढं बंपरला लटकलेली! पोतं गुंडाळलं, सुतळीनं बांधलं, पाणी मारलं. बघता बघता पाईप गार पडला. रशीदभाईनं डिझेलच्या पंपाची सेटिंग थोडी खोलली आणि रानीचा आवाजच बदलला. भरलेल्या गळ्यानं बोलायला लागली.

* * *

आता परीक्षा. लग्नाला थोडेच दिवस राहिलेले. पोती भरून बघावं तर पोती आणि वऱ्हाड यात फरक असतो. पोती नाचत न्हाईत. गोविंदा म्हणाला, "मानसंच भरून बघू."

बाजाराच्या दिवशी त्यानं फाट्यावर उभं राहून हाळी दिली, "चला, फुकट! म्हसोबाच्या चढावर न्हेऊन परत आनून सोडतो!"

दम घ्यायच्या आत ट्रक भरला. म्हातारे, बाया, कोंबड्या घेतलेली माणसं. एक आजोबा टोपी सावरत म्हणाले, "कोनाची सभा हाय?"

"सभा न्हाई आजा. गाडी बघायची हाय."

"मंग जेवन हाय का?"

"जेवन बी न्हाई."

आजोबा शेजारच्याला म्हणाले, "बस बस. आधी न्हाईच म्हनतेत."

रानी चढाला लागली. काय सांगू तुमाला! आवाज घुमला, धूर नावाला. आमी केबिनमध्ये पुढं वाकून. चिंच दिसायला लागली. वेग काही कमी होईना. मी गोविंदाच्या मांडीवर थाप मारली. आणि मागं धडाधड आवाज सुरू झाला. आरशात बघतो तर सगळी माणसं उड्या मारून उतरून राहिली होती!

वर्षानुवर्षांची सवय हो! चिंच आली की रानीतून उतरायचं, हे अख्ख्या मुलखाला पाठ. गाडी थांबायची कोणी वाटच बघितली न्हाई. रानी मोकळी होऊन भुर्रकन वर गेली आणि आमी वर पोचून कपाळ बडवलं. चढली ती भरलेली चढली की रिकामी चढली, काही कळायला मार्गच न्हाई!

खाली आलो तर आजोबा म्हसोबासमोर बसलेले. म्हणाले, "सभा इथंच हाय ना?"

* * *

मधी एक छोटा किस्सा सांगून घेतो, न्हाईतर विसरीन.

त्याच सुमाराला माणिकरावांनी कोरा ट्रक घेतला. पेढे वाटले. रशीदभाई पेढा खात खात पुढं वाकून जाळीतून आत बघायला लागला. आत दुसरीच एक जाळी. "ये क्या है?"

माणिकराव छाती काढून म्हणाले, "इंटरकूलर! टर्बोनं दाबलेली हवा गरम होती ना, ती इथं गार होऊन मंग इंजनात जाती. कंपनीचा शोध हाय!"

रशीदभाईचा पेढा हातातच राहिला. रानीच्या पोत्याकडं बघितलं, कळशीकडं बघितलं, परत त्या जाळीकडं बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन गंभीर तोंड करून म्हणाला, "दत्ता, बाजार के दिन अपनी अत्तरवाली में कंपनीवाला कौन बैठा था रे?"

* * *

आता सोनीचं लग्न.

उन्हाळा, भर दुपार. साखऱ्याकडून वऱ्हाड भरलं. नवरदेव केबिनमध्ये, मागं माणसं खच्चून, वर डफडंवाले. चढाच्या बऱ्याच अलीकडं गाडी थांबवून मी पोत्यावर घागरभर पाणी ओतलं. रशीदभाईनं मागचा फाळका साखळीनं आवळला आणि हातात जॅकची दांडी घेऊन फाळक्याशी उभा राहिला. "सुनो सब लोग! इमली आएगी. आने दो. कोई उतरा तो मेरे से बुरा कोई नहीं!"

माणिकराव फाळक्याला पाठ लावून बसले. "मी बी उतरत न्हाई. शपथ!"

गोविंदानं म्हसोबाच्या दिशेनं हात जोडले आणि स्टेरिंग धरलं.

निघालो. चढ लागला. गोविंदाचे डोळे रस्त्याला चिकटलेले, इकडं न्हाई तिकडं न्हाई. रानी घुमत घुमत वर. डफडं थांबलं. माणसांनी हौद्याच्या कडा धरल्या. चिंच आली. वेग पडला, अजून पडला. मागं कोणी तरी उठलं, रशीदभाई ओरडला, "बैठ!" गोविंदानं गिअर टाकला, रानीनं एक घुटका घेतल्यासारखं केलं, आणि म्हसोबा खिडकीच्या पुढून खिडकीच्या मागं गेला!

मागं जो दंगा उठला तो औंढ्यापर्यंत ऐकू गेला असंल. डफडंवाल्यांनी डफडं फोडायचं तेवढं बाकी ठेवलं. गोविंदा हसत बी होता आणि रडत बी होता. मी बी. त्यात काय लाज?

वर तांड्याच्या तोंडाशी बाया उभ्या. सवयीनं त्यांनी सुरू केलं, "आला आला जावई, मोटार घेऊन..." आणि तिथंच अडकल्या. पुढं काय म्हणायचं? बैल न्हाईत, चालणारं कोणी न्हाई. शांताबाई सगळ्यात पुढं होती. तिनं कळशीकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. आतून सोनीनं वाकून बघितलं. तिचं तोंड बघायला पाहिजे होतं तुमी!

नवरदेव उतरला, मान झाला, गूळपाणी झालं. आणि मग कोणी तरी विचारलं, "नवरीचा बाप कुठं हाय?"

धर्मा नाईक कुठंच न्हाई. घरात न्हाई, मांडवात न्हाई. सासूबाई म्हणाल्या, "सकाळीच बैलं घेऊन चढाखाली गेले. जावयाला वढून आनायचंय म्हनले."

गोविंदानं डोक्याला हात लावला. चढाच्या पायथ्याशी नाईक उभा असणार आणि त्याच्यापुढून आमी धूळ उडवत निघून आलो. कोणाचं ध्यानच न्हाई! लग्नघटका जवळ, आणि नवरीचा बाप खाली.

रानी वळवली. गोविंदा, मी, आणि मागं रिकामा हौदा.

खाली बांधावर म्हातारा बसला होता. नवं धोतर, लाल पागोटं. शेजारी बैलजोडी, शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, गळ्यात नव्या माळा. खास सजवून आणलेली. आमाला बघून उठला न्हाई.

"मामा, चला. लगीन खोळंबलंय."

"पाह्यलं म्या," नाईक म्हणाला. "गेलास ते पाह्यलं. थांबला न्हाईस."

गोविंदा खाली मान घालून उभा राहिला. "मामा, दिसलंच न्हाई मला. रस्त्याकडंच बघून राहिलो होतो."

म्हाताऱ्यानं बैलांच्या झुली सारख्या केल्या. मग म्हणाला, "इतकी वर्सं यांनी तुला वर न्हेलं. आज हे पायी जातील अन तू गाडीत?"

गोविंदानं वर बघितलं. मग रानी मागं घेतली, बांधाला टेकवली, फाळका पाडला. बैलं जरा बिचकली, नाईकानं जिभेनं टक टक केलं आणि दोन्ही जनावरं शिस्तीत हौद्यात चढली. नाईक त्यांच्या मधी उभा, दोघांच्या मानेवर हात.

चढ लागला. चिंच आली. आणि टपावर थाप पडली, धप धप!

"थांब!"

गोविंदानं खिडकीतून मान बाहेर काढली. "मामा, हितं नको. चढावर थांबलो तर परत उचलंल का न्हाई..."

"बैल इथं पानी पेतो."

गोविंदानं ब्रेक दाबून धरला. मी उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. नाईक आपली बादली घेऊन उतरला, म्हसोबापाशी भरून ठेवलेल्या रांजणातून पाणी घेतलं, हौद्यात चढून एका बैलाला पाजलं, दुसऱ्याला पाजलं. निवांत. जशी रोजचीच वाट. वर मांडवातली वाजंत्री ऐकू येत होती.

बादलीत थोडं पाणी राहिलं. म्हातारा ते फेकंल असं मला वाटलं. पण तो बादली घेऊन केबिनच्या टपाकडं सरकला, पत्र्याच्या पाईपापाशी वाकला आणि ते पाणी सावकाश, सगळीकडून, पोत्यावर ओतलं. कळशीवरून ओला हात फिरवला. मग टपावर दोनदा थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटतात तसं.

"हं. पेली ती बी," तो म्हणाला. "आता हाक."

गोविंदानं पाय दिला. मी चाकामागचा दगड काढायला खाली वाकलो, तर दगड मोकळाच पडलेला. मान वर केली तोवर रानी वळणावर पोचली होती आणि दोन्ही बैल फाळक्यावरून माझ्याकडं बघून राहिले होते.

मी बोंबललो, "आरं थांबा, मी ऱ्हायलो!" पण त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

गेलो मग चालत. घामानं भिजून, धापा टाकत तांड्याच्या तोंडाशी पोचलो, तर बाया ओळीनं उभ्या. शांताबाई पुढं. तिनं मला बघितलं, मागं वळून बाकीच्यांना खूण केली, आणि बायांनी गाणं जोडलं, मांडवातून नवरी सोनीच्या हसण्याचा आवाज बी त्यात मिसळला:

"आला आला हवावाला, मोटार सोडून आला,
बैल गेले बसून, गडी चालत आला!"